व्हायोलाचा कप

जाळी वाळत घालून झाली? मग बसा इथे धक्क्यावर, आणि ते मोबाइल खिशात टाका. उद्यापासून तुम्ही दोघं वरच्या गल्लीत पाहुण्यांना गाव दाखवायच्या कामाला लागणार म्हणे. लागा. पोटासाठी माणूस काय करत नाही! पण लिअँडर ब्राइटचं काय झालं ते ऐका आणि मग लागा. लिअँडर कितीतरी वर्षं माझ्या बोटीवर कोळंबी धरायला होता, तेव्हा ही उडत आलेली गोष्ट नव्हे.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. शेवटचा शनिवार, पौर्णिमेची रात्र. अंधार पडता पडता लिअँडर घरी गेला तो फक्त एक कप आणायला.

तेव्हा तो व्हिटकम बाईंच्या पाहुणेघरात कामाला होता. खाडीवरचं ते पांढऱ्या खांबांचं घर, ज्याचे सगळे फोटो काढतात. रोज रात्री ट्रेवर नावाचा पोरगा काळा कोट घालून, कंदील घेऊन पर्यटकांना गावातली भुतं दाखवत फिरायचा. शेवटचा थांबा म्हणजे या घराच्या परसातलं विटांचं जुनं स्वयंपाकघर. तिथे म्हणे डॉली नावाची गुलाम बाई रांधायची, आणि मालकांवर तिचा इतका जीव की मेल्यावरही ती त्यांच्यासाठी कॉफी ढवळते. अशी कोणी डॉली झालीच नाही. बाईंनी एका दुपारी ओसरीवर झोके घेत ती तयार केली. ट्रेवरनं कंदील उंचावला की आत अंधारात बसलेल्या लिअँडरनं कपावर चमचा वाजवायचा. डॉली ती हीच! आणि त्या संध्याकाळी नेमका तो कप फुटला.

"घरून एखादा जुना आण ना," बाई म्हणाल्या. "तुमच्या लोकांकडे किती गोड जुन्या वस्तू असतात. आज उत्सवाची गर्दी आहे, लिअँडर."

"आणतो मॅडम. पण ते आईचं…"

"बोलते ना भावाशी. हिवाळ्यात नक्की बघू. तू काय परका आहेस का?"

त्याची आई व्हायोला. जन्मभर तिनं त्याच घरात स्वयंपाक केला, मागच्या दारानं येऊन, मागच्या दारानं जाऊन. ऑगस्टमध्ये ती गेली. आपली, काळ्या लोकांची, दफनभूमी खाडीच्या टोकाला, ओक वृक्षांखाली. तिचे आईबाप तिथे, नवरा सायरस तिथे, आणि सायरसच्या शेजारी तिनं स्वतःसाठी जागा राखलेली. पण बाईंच्या भावानं बोटींच्या तळासाठी तो सगळा किनारा घेतला, भिंत घातली, फाटकाला कुलूप ठोकलं. काम चालू आहे, आत सोडता येत नाही, म्हणाला. शेवटी व्हायोलाला हायवेकडच्या दफनभूमीत पुरलं. ज्या गावात मेलेल्यांवर तिकिटं खपतात, त्या गावात मेलेल्या बाईला तिच्या नवऱ्याशेजारी जागा मिळेना. आईला तिच्या माणसांत आणायचं, एवढी एकच गोष्ट लिअँडरच्या डोक्यात होती. फाटकाची किल्ली बाईंच्या शब्दावर मिळणार, म्हणून तो भूत झाला होता.

घरी खिडकीत आईचा कप होता. निळ्या फुलांचा. शेवटची कॉफी ती त्यातून प्यायली होती. बहिणीनं, ओडेसानं, तो त्याच्या हातात पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"तो नको. अरे, माणूस ज्यातून शेवटचं प्यालं ते अख्खं घरात ठेवत नाहीत. बूड फोडून त्याच्या कबरीच्या मातीवर पालथं घालतात, म्हणजे जीव सुटतो. तुला का मी शिकवायचं?"

"कुठल्या मातीवर घालू? हायवेकडे कबरींवरून गवत कापायचं यंत्र फिरतं, तिथे फूल ठेवलं तरी उचलून फेकतात. फोडीन मी, तिला आपल्या जागी नेल्यावर."

"आणि तोवर तिनं काय करायचं?"

"तोवर बाईंना खूश ठेवायचं," लिअँडर म्हणाला आणि कप रुमालात गुंडाळून निघाला.

त्या रात्री मोठी भरती होती. खाडी रस्त्यावर चढली होती, घोटाभर पाणी. पाहुण्यांना त्याचीही गंमत, बूट हातात घेऊन खिदळत चालत होते. घरोघर ओसरीच्या छताला तो निळा रंग. भुतं आत येऊ नयेत म्हणून आपल्याच लोकांनी लावलेला. आता दुकानात डबा मिळतो. त्या स्वयंपाकघराला मात्र तो कधी कोणी लावला नाही. आत राबणाऱ्यांना कोण जपतंय!

लिअँडर आत जाऊन बसला. टेबलावर कप. हातात चमचा. बाहेर ट्रेवरचा आवाज, "ती अजून इथेच आहे, कारण या घरावर तिचं प्रेम आहे…"

कंदील वर गेला. लिअँडरनं चमचा वाजवला.

बाहेर किंचाळ्या, मग हसू, मग टाळ्या. घोळका हळूहळू फाटकाकडे सरकला.

लिअँडरनं चमचा खिशात घातला.

कप वाजला.

त्याला वाटलं, टेबल हललं असेल. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. आता काही हलत नव्हतं.

पुन्हा वाजला… सावकाश, गोल गोल ढवळल्यासारखा. मग काठावर दोनदा. टिण. टिण. आई चमचा झटकायची तसा.

आटवलेल्या दुधाच्या कॉफीचा वास आला.

"आई?"

…

"आई, हिवाळ्यात… मॅडम म्हणाल्यात, हिवाळ्यात नक्की…"

ढवळणं थांबलं.

दाराखालून पाणी आत येत होतं. आवाज नव्हता. पलीकडे, टेबलाच्या त्या बाजूला, कोणीतरी उभं होतं. तो बघेना. मान वर होईना.

"मी प्रयत्न करतोय गं…"

…

तिचा राग त्याला कळला. जिवंतपणी ती अशीच गप्प व्हायची.

मग खट्कन आवाज झाला. एकच.

लिअँडर उठला आणि धावत सुटला. पाण्यातून, अनवाणी, थेट घरापर्यंत. ओडेसानं दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि टॉवेल पुढे केला.

सकाळी दोघं परत गेली. स्वयंपाकघराला कुलूप होतं, बाईंनीच उघडून दिलं. टेबलावर कपाचं बूड पडलं होतं, सुबक गोल तुकडा. बाकीचा कप कुठेच नाही.

"कुठे ठेवलास रे?" बाई म्हणाल्या. "फार छान वाजत होता. लोक सारखं विचारतायत."

लिअँडरनं तुकडा उचलला, घरातून चालत गेला आणि मागच्या नाही, पुढच्या दारानं बाहेर पडला. परत त्या घरात गेला नाही. बाईंचं काही अडलं नाही. त्यांनी तिथे यंत्र बसवलंय, ठरल्या वेळी वाजतं.

आठवडाभरानं मी भरतीच्या पाण्यावर बोट घेऊन खाडीच्या टोकाशी गेलो होतो. पाण्याच्या बाजूला भिंत नाही, जाळीचं कुंपण आहे, त्यातून आतली दफनभूमी दिसते. मी लिअँडरला बोलावून आणलं. फाटकाचं कुलूप गंजून एकजीव झालेलं, आत गुडघाभर गवत, कुठे पाऊल उमटलेलं नाही. आणि सायरसच्या शेजारच्या त्या राखलेल्या जागेवर, मातीत पालथा घातलेला, बूड नसलेला, निळ्या फुलांचा कप.

लिअँडरनं कुंपणाच्या जाळीतून हात घातला. पोचला नाही. दुसऱ्या हाताच्या मुठीत तो तुकडा.

"ती पोचली," तो म्हणाला. "मलाच कोणी आत घेत नाही."

आज रात्रीही कप तिथेच आहे. भरती आली की दाखवतो, चला.