अर्धी सुई

मुलांनो, जरा डोळे मिटा. आपण चंद्रावर आहोत असं समजा. जमिनीखाली एक वस्ती आहे. चाळीस मोठी माणसं आणि एकच मूल, अकरा वर्षांची सिसी. तिथे तुमचं वजन इथल्या सहाव्या हिश्शाएवढं; उडी मारली की हात छताला. मजा ना? पण हाडांना ही मजा मानवत नाही. ओझंच नाही, तर मजबूत कशाला राहायचं, म्हणून ती झिजत जातात.

या झिजेवर उपाय शोधला होता डॉ. निर्मला टिपणिसांनी. आज त्या स्वतःच दवाखान्यात उताण्या पडल्या होत्या. सकाळी चप्पल उचलायला वाकल्या आणि पाठीत काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. शेजारच्या खाटेवर औषधतज्ज्ञ फ्रान्सिस लोपीस, सिसीचे वडील. त्यांचा मणका काल एका शिंकेत गेला होता.

"आजी, तुमच्या सुईनं हाडं टिकतात ना?" सिसीनं विचारलं.

एरवी असा प्रश्न आला की डॉक्टर खुलायच्या. आज त्या छताकडे बघत बोलल्या, "हाडात दोन टोळ्या असतात, बाळ. एक जुनं हाड फोडते, दुसरी नवं बांधते. ओझं पडलं की बांधणाऱ्यांना काम कळतं. इथे ओझं नाही, म्हणून फोडणाऱ्यांचं फावतं. माझी अस्थिनिद्रेची सुई त्यांना सहा महिने झोपवते."

"झोपवते, मारत नाही," फ्रान्सिस म्हणाले. "आणि त्या झोपेत त्यांची भरती चालूच असते. औषध ओसरलं की सगळे एकदम जागे होतात. उपाशी."

"मग मला कधीच का नाही दिलीत?"

"तू वाढतेयस," डॉक्टर म्हणाल्या. " घर वाढवायचं तर जुनी भिंत पाडणारेही लागतात. म्हणून तुला दगडांचं जाकीट आणि उड्या."

सुई आल्यापासून मोठ्यांनी उड्या सोडल्या होत्या. उड्यांच्या खोलीत सिसी एकटीच धपधप करायची आणि सगळ्यांवर चिडायची.

तीन महिन्यांपूर्वी पृथ्वीवरून येणारं यान उड्डाणतळावरच जळालं. पुढचं त्यानंतर सहा महिन्यांनी. शीतपेटीत सुया वीस, माणसं चाळीस. वस्तीचा रिवाज असा की आलेली वस्तू सगळ्यांना सारखी. चार संत्री आली तरी एकेचाळीस वाटे व्हायचे. डॉक्टरांनी प्रत्येक सुई निम्मी केली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"फ्रान्सिस, मला ठाऊक होतं रे," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "अर्ध्या सुईची झोप तिसऱ्या महिन्यात मोडणार, आणि चाळिसांचीही एकदमच. वीस जणांना पुरी दिली असती, तर यान येईपर्यंत वीस जण उभे राहिले असते. बाकीच्यांना त्यांनी उचललं असतं, भरवलं असतं."

"मग बोलला का नाहीत?"

"यादी करायला बसले होते. पहिलं नाव तुझं लिहिलं, या पोरीसाठी. दुसरं लिहवेना. कागद फाडला आणि म्हटलं, सारखं वाटू."

फ्रान्सिसना तोंड फिरवायचं होतं. तेही जमलं नाही.

"चालतंय कोण अजून?" त्यांनी विचारलं.

"चाळिसांतले आठ जण. आठवड्याभरात तेही खाटेवर पडतील."

"आणि हवेच्या गाळण्या? त्या रोज बदलाव्या लागतात, डॉक्टर, नाहीतर श्वास कोंडेल. एकेका गाळणीचा डबा धडधाकट असताना मलाच पेलायचा नाही. यानाला अजून तीन महिने आहेत."

दोघांचीही नजर सिसीच्या बारीक मनगटांवर गेली आणि दोघांनीही ती चटकन काढून घेतली.

सिसीनं ते पाहिलं होतं.

"ओझं पडलं की बांधणाऱ्यांना काम कळतं. असंच ना, आजी?"

"असंच. पण त्याला महिने लागतात गं बाळ. गाळण्या उद्यापासून..."

सिसी बाहेर पडली होती.

थोड्या वेळानं जमीन हादरली. धप्प! खाटेच्या पायांतून तो दणका डॉक्टरांच्या मोडक्या मणक्यात शिरला. त्यांनी ओठ चावला. पलीकडच्या खोल्यांतून कण्हणं ऐकू आलं.

"थांबवा तिला, डॉक्टर," फ्रान्सिस कळवळले.

डॉक्टरांनी हाक मारली नाही. उड्यांच्या खोलीत सिसी मधेच थांबली, जाकिटाच्या रिकाम्या खिशांत आणखी चार दगड भरले आणि पुन्हा उडी मारली.