तीन नंबरच्या खोलीतली गव्हाण

शेणव्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आमची वाडी लागते. चिकू, आंबे, फाटकाशी सोनचाफा, मागे ओढा आणि पाहुण्यांसाठी पाच खोल्या. बाबा गेल्यावर सगळे म्हणाले, विकून टाक सरिता, एकटी बाई काय करणार. मी काही कुणाचं ऐकणाऱ्यातली नाही. खोल्या बांधल्या, गुणाबाईला स्वयंपाकाला धरलं, आणि आता शनिवार-रविवारी लोकांना जागा नाही म्हणून सांगावं लागतं. एकटी बाई काय करते ते बघितलं सगळ्यांनी.

तीन नंबरची खोली म्हणजे आमचा जुना गोठा. भिंती त्याच, वर कौलं नवी. गुरांना चारा टाकायची लांबट गव्हाण मी पाडली नाही. तीत गादी घातली, दोन उशा ठेवल्या. शहरातल्या माणसांना असलं काही दिसलं की हरखून जातात. जिथे बैल पेंढा चघळत होते तिथे पाय पसरून फोटो काढतात.

या खोलीची तक्रार एकच. पाहुणा पहिल्या सकाळी उठतो तेव्हा त्याचे एका बाजूचे केस ओलसर आणि चपटे बसलेले असतात. फक्त पहिल्या सकाळी. दुसऱ्या दिवशी काही नाही. मी उशा बदलल्या, कौलांतून दव गळतं का ते शिडी लावून पाहिलं. मागच्या दिवाळीत ठाण्याचे एक रिटायर्ड साहेब आले होते, डोक्यावर केस नावाला नाही. त्यांच्या टकलावर सकाळी लाल चट्टा, काथ्याने घासल्यासारखा. डास असतील म्हणून मी खोबरेल दिलं. साहेब म्हणाले, डास कसले बाई, कुणीतरी रंधा मारलाय. आम्ही ते हसण्यावारी नेलं.

गुणाबाई मात्र हसली नाही. ती माझ्या आईच्या वेळची. याच गोठ्यातलं शेण काढायची. "वास घेते नि सोडून देते," एवढं पुटपुटून ती भाकऱ्या थापायला गेली. कोण, असं मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

सावळी आमची गाय. मी दहा वर्षांची असताना तिचं वासरू चार दिवसांचं होऊन मेलं. चारच दिवस, पण त्याच्या तोंडाला सारखा दुधाचा फेस लागलेला असायचा, पुसला तरी पुन्हा. वासरू नसलं की गाय पान्हा चोरते, थेंब देत नाही. तेव्हा आई तापाने अंथरुणाला खिळलेली, भाऊ तान्हा. बाबांनी त्या वासराचं कातडं सोलवून आणलं, आत भाताचा पेंढा भरला, आणि ते सोंग गव्हाणीत धरून बसायचं काम माझ्यावर आलं. मी बसायचे. सावळी ते चाटायची आणि पान्हा सोडायची. चाटून चाटून त्याच्या कपाळावरचे केस गेले, तरी ती चाटायची थांबली नाही. त्या दुधावर वाढलेला माझा भाऊ आज पुण्यात असतो आणि गाईचं दूध पचत नाही म्हणतो.

दूध आटल्यावर सावळीला म्हसा गावच्या जत्रेत विकली. टेम्पोत चढवताना ती मान मागे वळवून हंबरत होती, आणि मी घरात कणगीमागे लपले होते. आजही पेंढ्याला हात लागला की मी तो पदराला पुसते. सांगणारे मोठे होते हे खरं, पण फसवलं ते माझ्या हातांनी.

यंदा फेब्रुवारीत, एका शुक्रवारी, कल्याणहून रितेश नावाचा माणूस पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आला. कुणाली तिचं नाव. तिची आई ऑगस्टमध्ये गेली. तेव्हापासून पोर धड जेवत नव्हती, झोपत नव्हती, आणि दिवाळीपासून तर बोलायचीही बंद झाली होती. मनगट बघवत नव्हतं. डॉक्टरांनी सोमवारपर्यंत वाट बघू म्हटलं होतं. तोवर खाल्लं नाही तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालायची. हवापालट करून बघ, असं कुणीतरी सुचवलं म्हणून तो इथे आला.

मी त्यांना एक नंबर देणार होते. पण पोरीने बापाचं बोट सोडलं, सरळ तीन नंबरात शिरली आणि गव्हाणीत चढून आडवी झाली.

शनिवारी सकाळी तिचे केस चपटे होते. रितेश म्हणाला, सहा महिन्यांत पहिल्यांदा पोर सलग झोपली. खाल्लं मात्र काही नाही. गुणाबाईने मऊ भात केला, पेज केली, सगळं तसंच परत आलं.

रविवारी सकाळीही केस चपटे. दुसरी सकाळ. असं आजवर कधीच झालं नव्हतं. मी गुणाबाईला बोलावून ते केस दाखवले.

त्या दुपारी रितेश सोनचाफ्याखाली खुर्चीतच पेंगला होता. लाईट गेलेली. आंब्याच्या मोहोरावर माश्या घोंगावत होत्या, बाकी सगळं गप्प. मी पोरीला बघायला खिडकीशी गेले.

ती गव्हाणीत पाय पोटाशी घेऊन झोपली होती.

आधी आवाज आला. खर्र. जरा थांबून पुन्हा, खर्र.

मग तिच्या कपाळावरचे केस ओले होत उचलले गेले आणि उजवीकडे जाऊन बसले. त्या जोराने डोकंही थोडं हललं. पुन्हा केस उचलले गेले. पुन्हा बसले.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मी दार ढकललं. पोरीला उचलायचं आणि पळायचं, एवढंच डोक्यात. मागून गुणाबाईने दंड पकडला.

"गप ऱ्हा गो, सरिते. आता हात नको लावू तिला."

मी हळूच गव्हाणीपाशी गेले. तिथली हवा ऊबदार होती. कोवळ्या चाऱ्याचा वास होता. आवाज थांबला आणि एक लांब, दमट श्वास माझ्या तोंडावर आला.

तिने मला ओळखलं होतं.

मी गव्हाणीचा काठ धरला. मग बोलले.

"सावळे, तेव्हा मी तुला फसवलं. ही खरी हाय. हिला आई नाय गो."

श्वास तसाच माझ्यासमोर थांबला. किती वेळ, देव जाणे.

मग पुन्हा खर्र.

मला रडू फुटलं. तीस वर्षांचं होतं, आवरता आवरेना. गुणाबाईने मला धरून बाहेर नेलं, पायरीवर बसवलं आणि स्वतःही पदराने डोळे पुसत बसली.

कुणाली चारच्या सुमाराला उठून बाहेर आली. बापाचा गुडघा हलवून म्हणाली, "पप्पा, भूक लागली."

रितेश तिला उचलून स्वयंपाकघराकडे धावला. गुणाबाईने नाचणीची भाकरी दुधात कुस्करून दिली. पोरीने वाटी बोटाने निपटून संपवली आणि अजून मागितली. एवढं सुख मी या वाडीत कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी ते निघाले. नळीची गरज नाही, असं दुपारी डॉक्टरांनी सांगितल्याचा रितेशचा मेसेज आला. पण निघतानाचं एक सांगायचं राहिलं. पोरीला मागच्या सीटवर बसवून रितेश दार लावत होता, तेवढ्यात गाडी मागच्या बाजूने खाली बसली, चांगली चार बोटं. त्याने टायर पाहिले. हवा ठीक होती. या वेळी कुणी हंबरलं नाही. मी लपलेही नाही, फाटकाशी उभी राहून हात जोडले.

तेव्हापासून तीन नंबरात कुणाचेच केस चपटे होत नाहीत. गव्हाणीत मीही दोन दुपारी झोपून पाहिलं. नुसती गादी आहे.

परवा रितेशचा फोन आला. कुणालीचं वजन चार किलो वाढलं, शाळेत जाते, बडबडीने डोकं खाते. मी म्हटलं, खाऊ दे, तुला डोकं दिलंय कशाला. तो हसला, मग जरा घुटमळला.

"ताई, तुमच्याकडून आल्यापासून ती घरातलं दूध घेत नाही. मी पिशवी आणायचीच बंद केलीय."

"जेवते ना बाकीचं? खुशीत आहे ना?"

"खूप." त्याने आवाज खाली आणला. "पण सकाळी तिच्या ओठांना दुधाचा फेस लागलेला असतो. पुसायला गेलो ना, तर अजून कोमट असतो."