जॉण्टी, सोलकर आणि एक संत्रं

चेंडू थेट माइकच्या टेबलाकडे येत होता आणि माइकवरचा माणूस अजून बोलतच होता.

“और ये मारा, ऊंचा मारा, बॉल आ रही है, आ रही है, अरे ये तो मेरे ही—” एवढं म्हणून लोकेश टेबलाखाली गेला. बालाघाटला टेनिस बॉलची टुर्नामेंट पाहायला जमलेल्या साऱ्या पब्लिकनं त्याचं ते खाली जाणं लाउडस्पीकरवरून नीट ऐकलं. चेंडू मात्र टेबलापर्यंत पोचलाच नाही. बाजूला चहाचा कप घेऊन एक मुलगी उभी होती. तिनं मोकळा हात वर केला, चेंडू झेलला आणि चहाचा पुढचा घोट घेतला. कपातला चहा होता तेवढाच राहिला.

ती पौर्णिमा देशकर. शाळेत खेळाची शिक्षिका, कॉलेजात असताना युनिव्हर्सिटीच्या क्रिकेट टीमकडून पॉइंटला फिल्डिंग करणारी. तिच्या बाजूनं चेंडू सहसा जात नसे आणि शब्दही जात नसे.

आता या टुर्नामेंटचा रिवाज असा की पब्लिकमधून ज्यानं सिक्सर झेलला, त्याचं नाव माइकवर घ्यायचं आणि त्याला आलूबोंड्याची प्लेट द्यायची. पौर्णिमा टेबलाशी आली. लोकेश गुडघे झटकत वर आला. उंच, सावळा, कानापर्यंत लाल झालेला.

“नाव सांगा मॅडम, अनाउन्स करा लागते.”

“पौर्णिमा देशकर. अन् तुमचं? खाली गेलते ते कोण होते, हेही पब्लिकले समजलं पाह्यजे न.”

“लोकेश...” त्यानं माइकवर हात ठेवला. “पण काय कॅच घेतला हो तुम्ही. एकदम जॉण्टी रोड्स.”

“जॉण्टी असता तर त्यानं पहिले चहा फेकला असता, मग उडी मारली असती. मी तर हाललेच नाही. याले सोलकर म्हणतात.”

“एकनाथ सोलकर? तो तर माह्या जन्माच्या पहिलेचा.”

“ताजमहालही तुमच्या जन्माच्या पहिलेचाच आहे,” ती म्हणाली. “माझा बोंडा कुठं आहे?”

झालं. तिथून जे भांडण लागलं ते टुर्नामेंटभर चाललं. शाळा सुटली की पौर्णिमा स्कूटी काढायची आणि मैदानावर यायची. तो म्हणायचा, उडता येतं तोच फिल्डर. ब्याण्णवच्या वर्ल्डकपमध्ये जॉण्टी चेंडू हातात घेऊन पुरा आडवा स्टंपावर पडला, त्यापुढं बाकी सारे उभे खांब. ती म्हणायची, ज्याला चेंडू कुठं येणार ते आधी समजतं, त्याला उडायची गरजच काय. तो कैफची डाइव्ह काढायचा, ती जडेजाचा थ्रो काढायची. मग त्यानं बाउंड्रीवरचा हरलीन देओलचा कॅच काढला आणि पौर्णिमानं पहिल्यांदाच त्याचं म्हणणं मान्य केलं. त्या दिवशी तो घरी शिट्टी वाजवत गेला म्हणतात. बोंडेवाला सोलकरच्या बाजूचा होता, पंच जॉण्टीचे. मॅच कोण जिंकून राहिलं आहे, याकडे दोघांचंही लक्ष नसायचं.

लोकेश लालबर्र्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होता. उधळलेल्या बैलाच्या शिंगाला धरून उभा राहील, पण चेंडू आला की डोळे मिटून घेईल, असा त्याचा मामला. दिवसभर माइकवर बोलायचा, पण पौर्णिमाला यायला उशीर झाला तर त्याची कॉमेंट्री अडखळायची. “ये बॉल... अं... हां, डॉट बॉल.” फाटकाशी स्कूटी दिसली की पुन्हा सुरू. हे सगळ्या मैदानाला कळलं होतं. पौर्णिमाला तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तिला तो आवडला होता. तिनं ते स्वतःपाशी कबूलही करून टाकलं होतं. उगाच मनात लपवून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. फक्त एक होतं, पहिल्यानं तो बोलला पाहिजे. एवढा लाउडस्पीकर गाजवतो, एक वाक्य बोलता येऊ नये?

टुर्नामेंट संपल्यावरच्या सुट्टीला दोघं हट्टा गावी बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, पाहायला गेली. खालच्या पायऱ्यांवर सावली होती, वर कोवळं ऊन. लोकेश बूट काढून बसला, पुन्हा घातले, पुन्हा काढले.

“मी तुझ्या घरी येऊ का... रविवारी? तुझ्या बाबाशी बोलायले.”

“काय बोलणार?”

“तेच... तू समजते न.”

“मी नाही समजत. म्हणून दाखव.”

त्यानं पुन्हा बूट घातले. पौर्णिमाला हसू आलं आणि रागही आला.

“राहू दे. ये रविवारी. पण एक लक्षात ठेव. बाबांसमोर जॉण्टीचं नाव काढजो नको.”

त्याला कारण होतं. तिचे बाबा बंडोपंत सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, बोलायला मऊ, पण सोलकरवर जीव. दिवाळीनंतर गोंदियाचं एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, घरदार उत्तम, आई ललिताबाई तर तारीख काढायला निघाल्या होत्या. बंडोपंतांनी त्या मुलाला बसवून सोलकरबद्दल विचारलं, तो म्हणाला मी क्रिकेट बघत नाही, आणि पाहुणे जाताच बाबांनी नकार कळवून टाकला. कारण सांगितलं नाही. पौर्णिमानं ते आपलं आपण समजून घेतलं. गोंदियाचं गेलं त्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं. पण लोकेशला ‘नाही’ म्हटलं तर? बाबांचा शब्द मोडून लग्न करायचं नाही आणि लोकेशशिवाय दुसरं कोणी नको, अशी ती दोन्हीकडून अडकली होती.

म्हणून तिनं बावडीच्या पायऱ्यांवर बसवून त्याची शिकवणी घेतली. सोलकर कुठं उभा राहायचा? फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅट्समनच्या ढेंगेखाली म्हटलं तरी चालेल. हेल्मेट? नाही. वडील काय करायचे? मैदानाची निगा राखायचे. लोकेशनं परीक्षेसारखं पाठ केलं.

इथंच ती थांबती तर बरं होतं. पण शनिवारी संध्याकाळी तिनं बाबांनाही गाठलं.

“बाबा, उद्या लोकेश येऊन राह्यला. त्याच्यासमोर सोलकर काढू नका. जॉण्टीबद्दल दोन शब्द चांगले बोला.”

“मी खोटं बोलू?”

“खोटं काहून? पाहुणचार आहे तो.”

बंडोपंतांनी चष्मा काढून पुसला. “हौ. बोलीन दोन शब्द.”

रविवारी लोकेश इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. ओट्यावर अडखळला, काकूंच्या पाया पडला, काकांच्या पाया पडला आणि दिवाणाच्या कडेवर बसला. पौर्णिमा स्वयंपाकघरात चिवडा काढत होती, कान बाहेर.

“काय उडत होता हो तो जॉण्टी,” बंडोपंतांनी सुरुवात केली. “त्याच्यासारखा झाला नाही.”

लोकेशनं घसा खाकरला. “नाही काका. उडणं म्हणजे फिल्डिंग नाही. सोलकर पाहा. ना हेल्मेट, ना काही, बॅटच्या तोंडाशी उभा.”

“असन. पण जॉण्टीनं फिल्डिंग पाहायले लोक आणले.”

“अन् सोलकरनं बॅट्समनच्या मनात धाक बसवला. बॉल कुठं येणार हे ज्याले पहिले समजते—”

“तू मले सांगू नको ते,” बंडोपंतांचा आवाज चढला. आपलं आयुष्यभराचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून आपल्यावरच यायला लागलं की माणूस तापणारच. आणि दिलेल्या शब्दामुळे त्यांना ‘हौ’ही म्हणता येईना. ते जॉण्टीसाठी भांडत राहिले, लोकेश सोलकरसाठी, आणि दोघांचेही चेहरे असे की जसा कोणी गळा धरला आहे.

ललिताबाईंनी चिवड्यावरून मान वळवून लेकीकडे पाहिलं. “दोघांलेही शिकवलं का वं तू?”

पौर्णिमानं जीभ चावली.

बाहेर बंडोपंत पुढं वाकले होते. “एवढा सोलकर आवडते न तुले? मग सांग, त्याचा कोणता कॅच तुले सर्वात आवडते?”

हे शिकवणीत नव्हतं. लोकेशनं दाराकडे पाहिलं. पौर्णिमा पडद्याआडून हातवारे करत होती, काहीही सांग, गुडघ्याजवळचा सांग, सगळे तिथलेच असतात. त्याला ते कळलं, हे तिलाही कळलं. त्यानं मान खाली घातली.

“मले नाही माहीत काका. मी सोलकर पाह्यलाच नाही. हे सारं पाठ करून आलो. माह्यासाठी मोठा जॉण्टीच आहे... पण तुमच्याशी खोटं बोललो, ते चुकलं.”

पौर्णिमानं बशी खाली ठेवली. संपलं, तिला वाटलं. गोंदियाच्या मागोमाग हेही.

बंडोपंत उठले. खिडकीशी गेले.

“मीही नाही पाह्यला,” ते म्हणाले. “लहान होतो. काकाच्या दुकानात रेडिओ होता, तिथं पोत्यावर बसून ऐके. माइकवरचा माणूस सांगे, अन् मले सोलकर दिसे. त्या माणसावर इसवास ठेवून मी आतापर्यंत लोकांशी भांडून राह्यलो. तू माइकवर बसते न? मग खोटं बोलजो नको बापू. ऐकणाऱ्याले दुसरं काही नसते.”

“नाही बोलणार काका.”

“झेल,” म्हणून बंडोपंतांनी ताटलीतलं संत्रं अचानक फेकलं.

लोकेशनं डोळे मिटले. संत्रं छातीवर आपटलं, खाली पडलं आणि गडगडत दिवाणाखाली गेलं. पौर्णिमानंही डोळे मिटले. उघडले तेव्हा इस्त्रीचा शर्ट दिसेना. लोकेश पोटावर आडवा होऊन दिवाणाखाली शिरला होता. ललिताबाईंचा झाडू जिथं कधी पोचत नसे, तिथपर्यंत गेला होता. बाहेर नुसते पाय राहिले होते.

बंडोपंत खुर्चीत बसले. बऱ्याच वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर खुशी आली.

“गोंदियावाल्याकडंही टाकलं होतं मी संत्रं,” ते चिवडा घेऊन बाहेर आलेल्या बायकोला म्हणाले. “त्याच्या हातून सुटलं. म्हणे, राहू द्या, कामवाली काढेल. कॅच तर कोणाचाही सुटते. सुटल्यावर मागं जाते का नाही, एवढंच मी पाह्यतो.”

“म्हणजे सोलकरमुळं नाही म्हटलं नव्हतं तुम्ही?” पौर्णिमा पडदा सारून बाहेर आली.

“पोट्टे, सोलकरसाठी कोणी लेकीचं लग्न मोडते का?”

पौर्णिमाला आपल्याच शिकवणीची लाज वाटली आणि त्याहून जास्त, सगळं अंग हलकं झाल्यासारखं वाटलं. ती दिवाणाशी गुडघ्यावर बसली आणि वाकून खाली पाहिलं. अंधारात जाळं लागलेलं एक डोकं होतं, हातात संत्रं.

“भेटलं का?”

“भेटलं.”

“मग ये न बाहेर.”

“येतो. पण पहिले एक सांगतो... बाहेर आल्यावर नाही जमणार मले.” त्यानं श्वास घेतला. धुळीनं एक शिंक आली, ती देऊन झाली. “तू मले आवडते पौर्णिमा. तो बॉल झेलला न तू, त्या दिवसापासून. मले तुझ्याशीच लग्न कराचं आहे.”

“जोरात बोल. पब्लिकले ऐकू नाही आलं.”

“आलं, आलं,” वरून बंडोपंत म्हणाले. ललिताबाई पदरानं डोळे पुसत साखर आणायला आत गेल्या.

लोकेश सरपटत बाहेर आला. शर्टाची पार दशा झाली होती. संत्रं पुढं करत तो तिच्याकडे पाहत राहिला, आता तिनं काहीतरी बोलावं म्हणून.

“मलेही तू आवडते,” पौर्णिमा म्हणाली. “तुले एवढं दूर जा लागलं, मी तर कधीची इथंच उभी होते.”

तिनं संत्रं सोललं आणि पहिली फोड त्याच्या हातावर ठेवली. फेकली नाही.