गुरुवारचा प्रलय

"लाव्हा आहे तो. इतक्या जवळ उभा राहिला तर आधी बूट पेटतील... मग माणूस."

बोलून गेल्यावर सुलक्षणाने जीभ चावली. मोबाइल तिचा नव्हता, पिक्चर तिचा नव्हता आणि बाकावर बसलेला तरुणही तिच्या ओळखीचा नव्हता. चार्जर लावायला ती भिंतीतल्या प्लगकडे वाकली होती आणि नजर त्याच्या स्क्रीनवर गेली होती, इतकंच.

त्याने वर पाहिलं. डोळे जागरणाने लाल झालेले, पण ओठांवर हसू.

"काही पेटत नाही. हिरो आहे तो. आता हेलिकॉप्टर येईल आणि ज्वालामुखीत बर्फ टाकेल."

"बर्फ?"

"लाद्याच्या लाद्या."

"अहो, वाफेचा स्फोट होईल! अख्खा डोंगर —"

"मॅडम," त्याने इअरफोनचं एक टोक तिच्यापुढे धरलं, "बसा. उभ्याने स्फोट नीट दिसणार नाही."

ती बसली.

धुळ्यातल्या त्या दवाखान्यात डायलिसिसचा विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. बंद दाराआड यंत्रं माणसांचं रक्त बाहेर ओढून घेत, धुऊन पुन्हा अंगात सोडत. चार तास लागत. नातेवाइकांनी बाहेरच्या बोळात बसायचं. वैशाखाचं ऊन पत्र्यावर तापत असायचं, पंखा गरम वारा फेकत राहायचा, आणि फिनेलचा वास घरी गेल्यावरही ओढणीतून जात नसे.

सुलक्षणा अमळनेरची. एका शाळेत तासावर विज्ञान शिकवायची. वडिलांची, लोटन आबांची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि तिचे सोमवार-गुरुवार धुळ्याला लागले. तिने स्वतःचं एक मूत्रपिंड देऊ केलं होतं. आबांनी फक्त एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले होते, "तुनं आजून बठ्ठं व्हवानं शे." तिचं लग्न, संसार, सगळंच अजून व्हायचं होतं. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

त्या तरुणाचं नाव नवल. नरडाण्याला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. बंद दाराआड त्याची आई होती, शेवंताबाई. तिचे वार मंगळ-गुरु-शनि, म्हणजे दोघांचा जुळायचा तो फक्त गुरुवार. वडील कधीच गेलेले, बहीण सुरतेला दिलेली. घरात मायलेक दोघंच.

पुढच्या गुरुवारी तो बाकावर जागा धरूनच बसला होता.

"आज भूकंप आहे," तो म्हणाला. "जमिनीला पडलेली भेग गाडीचा पाठलाग करते. चौकात गाडी डावीकडे वळते..."

"आणि भेग?"

"तीसुद्धा डावीकडे. सिग्नल मात्र तोडत नाही."

ती इतक्या जोरात हसली की समोरच्या बाकावरच्या बाईने डोक्यावरचा पदर सावरत तिच्याकडे रागाने पाहिलं. सुलक्षणाने तोंडावर हात दाबला. खांदे तरी हलतच होते.

मग ते ठरूनच गेलं. पिक्चर तो आणायचा, सगळे हिंदीत डब केलेले, सगळे स्वस्तातले. चुका तिने काढायच्या. एकदा सगळी पृथ्वी गोठली आणि नायिका बिनबाह्यांच्या कपड्यात बर्फातून धावली. तोंडातून वाफसुद्धा निघाली नाही. एकदा एकच इमारत तीन वेगवेगळ्या देशांत कोसळली, फक्त पाटी बदलून. प्रत्येक पिक्चरमध्ये एक शास्त्रज्ञ ओरडून खरं सांगायचा आणि कुणी त्याचं ऐकायचं नाही. कुत्रं मात्र दर वेळी वाचायचं.

"तुम्हाला हे सगळं खोटं आहे हे कळतं ना?" तिने एकदा विचारलं.

"कळतं की."

"तरी बघता?"

"खोटं आहे म्हणूनच बघतो." त्याने बंद दाराकडे हनुवटीने खूण केली. "खरं तिथं आत चालू आहे."

तिनेही दाराकडे पाहिलं. इअरफोनची वायर आखूड होती... त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला होता. दोघांपैकी कुणीच तो बाजूला घेतला नाही.

सुया काढून झाल्या की नातेवाइकांना आत सोडत. आईच्या हातावरचा कापूस दाबून धरत नवल तिला मोबाइलवर थोडंसं दाखवायचा. असंच एकदा समुद्राची लाट शहरावर येत होती. इमारतीहून उंच, आणि अगदीच खोटी. शेवंताबाईंना दिवसाला जेमतेम दोन पेले पाणी घ्यायची परवानगी होती. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"आवं माय," त्या हळूच म्हणाल्या, "इतलं पानी!"

नवलने मोबाइल खिशात टाकला. बाहेर येऊन तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सुलक्षणा त्याच्या मागे जाऊन थांबली. तिने नुसता त्याच्या शर्टाचा कोपरा बोटांत धरला. तो वळला नाही, पण कोपरा सोडवूनही घेतला नाही.

त्या दिवसापासून ती दोघं एकमेकांना अरे-तुरे करू लागली.

आता गुरुवारी ती आरशासमोर जास्त वेळ थांबायची. निळा कुर्ता घालायची, तो बदलायची, पुन्हा निळाच घालायची. मग पलीकडच्या खोलीतून आबांचा खोकला ऐकू यायचा आणि काजळाचा हात थांबायचा. बाप मशीनला जोडला जाणार, आणि आपण...

"मला गुरुवारची ओढ लागलीये," तिने एकदा त्याला सांगूनच टाकलं. "आणि त्याची लाज वाटते. कसली मुलगी आहे मी?"

नवल चहाच्या कागदी कपाची कड कुरतडू लागला.

"काल आई म्हणाली, उद्या नको जाऊ या, फार थकलेय. मी तिला चढ्या आवाजात बोललो. डायलिसिस चुकायला नको म्हणून बोललो... की तू भेटणार नाहीस म्हणून? मलाच कळलं नाही, सुलू."

पहिल्यांदाच त्याने तिला सुलू म्हटलं. पण त्या वाक्यात ते नाव असं आलं, की तिला लाजताही आलं नाही.

त्याच आठवड्यात खिडकीजवळचा बेड रिकामा झाला. तोतारामकाका म्हणून एक म्हातारे असायचे, त्यांचा. त्यांची सून दर वेळी बोळात बसून लसूण सोलायची. ती परत कधी दिसली नाही. तिला यायचं कारणच उरलं नव्हतं. सुलक्षणाने नवलकडे पाहिलं, तर तो आधीच तिच्याकडे बघत होता. दोघांच्याही मनात एकच आलं होतं. आपल्यापैकी एकाचं माणूस जाईल, त्या दिवशी हा बाकही संपेल. त्या दिवशी पिक्चर चालू होता. चूक मात्र तिने एकही काढली नाही.

आषाढातल्या एका गुरुवारी नवल आला नाही.

तिने दोन वेळा फोन लावला. बंद होता. शेवटी आतल्या टेक्निशियनने दारातून डोकं बाहेर काढलं.

"शेवंताबाईंच्या कुणी का तुम्ही? नाही ना... त्या मंगळवारी गेल्या. इन्फेक्शन झालं होतं."

ती बाकावर तशीच बसून राहिली. मेसेज लिहायला घेतला, पुसला, पुन्हा घेतला. धीर धर म्हणावं, तर ते तिला स्वतःलाच पोकळ वाटलं. काळजी घे म्हणावं, तर आता काळजी घ्यायला त्याच्याकडे होतं कोण?

परतीच्या बसमध्ये आबा खिडकीला डोकं टेकून बसले होते. पारोळ्याचा फाटा गेल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"आज भाईर कोनी हसनं नही."

सुलक्षणा दचकली. "तुम्हाला आत ऐकू यायचं?"

"बठ्ठासले ऐकू ये." त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "ती शेवंताबाई मन्हा शेजारले ऱ्हाये. तुम्ही हसनात का ती डोया मिटीसन पडी ऱ्हाये. माले म्हने, आबा, मन्हा पोऱ्या हसी ऱ्हायना."

आपला पोरगा हसतोय, हे ऐकत शेवंताबाई डोळे मिटून पडून राहायच्या. ओढणी तोंडात धरून सुलक्षणा रडली. पुढच्या सीटवरच्या बायका वळून बघत होत्या. आबांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

"शनवारले नरडाणाले जाऊत," ते म्हणाले. "दारवर जानं पडी."

गेलेल्या माणसाच्या घरी सांत्वनाला दारावर जायचं ते नात्यागोत्यातल्यांनी. हे आबांना माहीत होतं, तिलाही होतं. शनिवारी दोघं पॅसेंजरने नरडाण्याला उतरली. स्टेशनाबाहेर पडेपर्यंत आबांना दम लागला. दोनदा ओट्यावर बसून मग ते पुढे निघाले.

अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती. नवल भिंतीशी, खांद्यावर पांढरं उपरणं, गालांवर वाढलेले खुंट. त्याने तिला पाहिलं आणि उठायला गेला. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं. आबा पुरुषांत बसले. सुलक्षणा आत बायकांत गेली. गहिवर ओसरल्यावर एका म्हातारीने तिच्याकडे निरखून पाहिलं. ती नवलची आत्या, मंदाबाई.

"वळखू उनी नही वं बाई. कोननी शे तू?"

आतल्या सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या. कोणाची पोर, एवढंच तिला विचारलं होतं. बापाचं नाव सांगायचं, गाव सांगायचं, की झालं. बाहेर आबांचा धाप लागलेला श्वास ऐकू येत होता. दाराच्या चौकटीतून नवलचा खांदा दिसत होता.

"नवलची," सुलक्षणा म्हणाली.

कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. एक बाई दुसरीच्या कानाशी वाकली. बाहेर नवलने मान वर केली, आणि आई गेल्यापासून न रडलेला तो मुलगा उपरण्यात तोंड घालून हुंदके देऊ लागला. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. आबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि लेकीने सांगितलं ते बरोबर आहे अशी सगळ्यांसमोर मान हलवली.

मंदाबाईने बराच वेळ तिच्यावरची नजर काढली नाही. मग जराशी सरकली.

"ये," ती म्हणाली, "आठे बस."

संध्याकाळी नवल त्यांना स्टेशनावर सोडायला आला. आबा बाकावर बसले. ही दोघं जरा लांब उभी राहिली.

"काय बोलून बसलीस तू..." तो म्हणाला.

"खोटं होतं?"

त्याने मान हलवली. नाही. रुळांकडे बघत म्हणाला, "गुरुवारी येऊ का धुळ्याला?"

"आता तुला कशाला —" तिचं वाक्य अडलं.

"आबा आहेत ना." मग हलक्या आवाजात, "सुलू, आपल्याला पुढचं ठाऊक आहे. आबांचंही... तू एकटीने बसायचं नाही तिथं. एवढंच."

तिने त्याचा हात धरला. फलाटावर माणसं होती, ओळखीचीही असतील. गाडी येऊन उभी राहीपर्यंत तिने तो सोडला नाही.

डब्यात आबांना खिडकी मिळाली. गाडी हलली, नवल मागे मागे जात लहान झाला, मग दिसेनासा झाला. आबांनी सुजलेले पाय समोरच्या बाकावर ठेवले आणि डोळे मिटले. झोपले असावेत असं वाटून तिने त्यांच्या पायांवर ओढणी टाकली.

"पोऱ्या वाळी गया," आबा डोळे न उघडता म्हणाले. "गुरुवारले डबामा दोन भाकरी जास्त टाक."