अक्कांच्या हाताचा ठसा

डॉ. भरत मगदूम यांनी मेजावरच्या उघड्या काचपेटीतल्या हाताला बोट लावलं आणि हात मागे सरकला. बोटं आत वळली, मनगट आखडलं आणि चटका बसावा तसा तो तळहात काचपेटीच्या कडेला जाऊन टेकला. प्रयोगशाळेतले सगळे मेजाभोवती सरकले. तो हात कुणाचा, हे मिरजेच्या त्या संस्थेत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

हात अक्कांचा होता. खरा हात नव्हे, त्यावर लेप थापून घेतलेला देहठसा. भरतची थोरली बहीण चंपाक्का. आईवडिलांच्या माघारी हळदीच्या वखारीत काम करून तिनं धाकट्या भावाला डॉक्टरेटपर्यंत पोचवलं होतं. तिला कुष्ठरोग झाला होता. गोळ्यांनी तो केव्हाच पूर्ण बरा झाला, पण त्याआधी हाताच्या नसा मेल्या त्या मेल्याच, आणि बोटं वाकडी राहिली. संस्थेच्या नव्या दालनात ठेवायला भरतनं नेमका हाच हात निवडला होता. उद्घाटनाचं भाषणही तयार होतं. ‘या हातांनी मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं’ या वाक्यावर टाळ्या पडणार, याचा त्याला अंदाज होता.

“असं कसं झालं?” अध्यक्ष डॉ. चौगुले म्हणाले. ते जुने शल्यचिकित्सक, कापाकापीबाहेरचं काही त्यांना नीट समजावून सांगावं लागे. “मुजावर, हा तुमचा संवेदलेप नक्की करतो काय?”

डॉ. रेहाना मुजावर रसायनांची बाजू बघत. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, “सर, साधा ठसा नुसता आकार घेतो. आपला लेप जिवंत बुरशीच्या तंतूंचा आहे. घट्ट होता होता तो कातडीवरचा घाम शोषतो. मनात भीती असेल, किळस असेल, तर घामात वेगळी रसायनं उतरतात. तंतू त्यांच्यावर जुळतात. मग पुढे कधीही, कुणाच्याही हाताची ऊब लागली की आखडतात.”

“आणि माणूस निवांत असला तर?”

“तर ऊब लागताच बोटं मिटतात आणि समोरचा हात धरतात. माणसाचा ठसा आधी घेऊन ठेवला, तर पुढे पक्षाघातानं त्याचा हात लुळा पडला तरी घरच्यांना त्याचा हात हातात घेता येईल, अशी मूळ कल्पना. एकदा घट्ट झालेल्या लेपाचा स्वभाव मात्र बदलत नाही.”

“म्हणजे ठसा घेताना समोर जो असेल, त्याच्याविषयी जे वाटतं ते उतरतं.”

“हो.”

“आणि समोर कोण होतं?”

“मी,” भरत म्हणाला. “दोघंच होतो.”

चौगुल्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांतली कीव बघून भरतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बहिणीवर भाषण लिहिलं, ती आपल्याला भिते! दालनासाठी घेतलेले बाकीच्यांचे सगळे ठसे शहाण्यासारखे हात धरत होते. रविवारी उद्घाटन होतं आणि चारचौघांत हा एकच हात अंग चोरून बसणार होता.

तो घरी गेला तो फुगूनच. अक्का ओट्याजवळ भाजी निवडत होत्या.

“अक्का, तू मला भितेस?”

“काय झालं रं?”

त्यानं सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढत गेला. आपण काय कमी केलं, दवाखाना केला, घर बांधलं, तुला वखारीत जाऊ दिलं नाही, अशी जंत्रीच त्यानं वाचली. अक्कांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. थोडा वेळ त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

“असंल बाबा,” त्या म्हणाल्या. “तू मोठा मानूस झालास. भ्या वाटलं असंल मला. त्यात तुझा काय दोष न्हाई, सांग तुझ्या सायबास्नी.”

भरतला हे ऐकून बरं वाटलं. दुःख झालं हे खरं, पण दोष दुसऱ्याचा आहे हे कळल्यावर जो एक सुटकेचा सुस्कारा आतल्या आत निघतो, तोही निघाला. त्या संध्याकाळी तो तिच्याशी जरा मोठेपणानं, क्षमा केल्यासारखा वागला. जेवताना भाजीचं कौतुकही केलं.

दुसऱ्या दिवशी रेहानांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“मी अक्कांच्या ठशाचा पापुद्रा तपासला,” त्या म्हणाल्या. “आतला, कातडीला लागून होता तो. त्यात घामच नाही.”

“कमी आहे?”

“नाहीच. भरत, त्या हाताच्या नसा मेल्यात. घर्मग्रंथींना सांगणाऱ्या नसाही त्यातच आल्या. अशा हातांना घाम येत नाही, कातडी कोरडी पडून भेगाळते. म्हणून तर या रुग्णांना रोज हात पाण्यात भिजवून तेल चोळायला सांगतात. अक्का करत नाहीत का?”

करत होत्या. रोज सकाळी परातीत पाणी घेऊन बसायच्या. भरत त्या वेळी वर्तमानपत्र वाचत असे. कुष्ठरोगाच्या पुस्तकातलं हे प्रकरण त्याला पाठ होतं, पण परातीकडे आणि त्या हातांकडे बघायचं टाळता टाळता ते घरात लागू करायचं राहूनच गेलं होतं.

“मग लेप कशावर जुळला? घाम मिळाल्याशिवाय तो घट्टच होत नाही,” तो म्हणाला. म्हणता म्हणताच त्याला उत्तर दिसू लागलं होतं.

“बाहेरच्या पापुद्र्यात घाम आहे. भरपूर आहे.” रेहाना त्याच्याकडे न बघता बोलत होत्या. “तू हातमोजे घालत नाहीस. मूर्तिकारांसारखं उघड्या हातानं थापलं की जाडी बोटांना कळते, हा तुझा हट्ट. एरवी त्यानं बिघडत नाही. आतल्या माणसाचा घाम इतका असतो की थापणाऱ्याचा त्यात कुठल्या कुठे विरून जातो. इथं आत काहीच नव्हतं. लेपाला जे मिळालं, तेवढंच त्यानं घेतलं.”

भरतच्या कानशिलांत रक्त चढलं. लेप थापताना अक्कांच्या वाकड्या बोटांच्या बेचक्यांत आपली बोटं घालावी लागली होती. तेव्हा दर वेळी ती त्यानं चटकन बाहेर ओढून घेतली होती. दमणूक म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं. रोग केव्हाच बरा झाला, शिवल्यानं काही होत नाही, हे तो व्याख्यानांत हजारांना सांगत आला होता. आणि त्याच्या हातांनी मात्र काही ऐकलं नव्हतं. बहिणीच्या हातापासून मागे सरला होता तो त्याचाच हात होता.

“मी कुणाला बोलणार नाही,” रेहाना म्हणाल्या. “लेप नासला म्हणू. रविवारी दुसऱ्या कुणाचा तरी ठसा ठेवू.”

कुणाला कळणार नव्हतं. तरी त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. चौगुल्यांची कीव त्यानं घेतली होती. अक्कांना क्षमा केली होती. क्षमा! त्या शब्दानं त्याला स्वतःची शिसारी आली. आधी तो चौगुल्यांच्या खोलीत गेला आणि उभ्यानंच खरं काय ते सांगितलं. चौगुले ऐकून खिडकीबाहेर बघू लागले. या वेळी त्यांनी खांद्यावर हात ठेवला नाही.

घरी अक्का अंगणात बसल्या होत्या. भरत त्यांच्या पुढ्यात, खाली फरशीवर बसला. घाम, पापुद्रे, नसा यांतलं किती त्यांना समजेल म्हणून त्यानं सोपं करून सांगायला सुरुवात केली, आणि मध्येच ते सोडून दिलं.

“अक्का, तू भ्याली नव्हतीस. मला… मला तुझ्या हाताची किळस आली होती.”

“व्हय,” अक्का म्हणाल्या.

“तुला ठाऊक होतं?”

“पान्याचा तांब्या दिला की तू ‘ठेव तितं’ म्हनतोस. माझ्या हातनं कवा घेतलास?” त्या रागानं बोलत नव्हत्या, पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तशा बोलत होत्या. “त्याला लेप कशाला लागतोय.”

“मग काल माझ्यावर का नाही उलटलीस? दोष स्वतःवर का घेतलास?”

“सायबाफुडं तुझी मान खाली गेली असती की रं.”

भरतला वर बघवेना. बघितलं तर तिचा चेहरा दिसला असता, आणि न बघितलं तर समोर मांडीवरचे ते हात होते. त्यानं हात पुढे केला आणि तिची वाकडी बोटं आपल्या मुठीत धरली. घट्ट धरली. आता तरी तिला कळेल, असं त्याला वाटलं.

अक्कांनी हाताकडे पाहिलंच नाही. त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, अगदी टक लावून.

“इकडं बघ की, अक्का. मी हात धरलाय तुझा.”

“हाताला काय कळतंय बाबा,” त्या म्हणाल्या. “कुनी हात धरला, कसा धरला, ते मला मानसाच्या तोंडावरच बघाय लागतंय.”

भरतनं मान वर केली. आपल्या चेहऱ्यावर या घडीला काय आहे, हे त्याला कळत नव्हतं, आणि अक्का बघत होत्या.