तुलनेसाठी एक श्वास

सुभानपुऱ्यातल्या अहल्याबाईंना शेजारी काय शिजतंय ते वासावरून कळायचं, आणि कोण आलंय ते चपलांवरून. कारखान्याच्या दवाखान्यातली रसिका शेजारच्या मोहनाकडे आली, तशा त्याही वाटी परत द्यायच्या निमित्तानं हजर.

मोहनाला पाचवा महिना. नवरा उत्कर्ष यंत्रांच्या सुट्या भागांवरचं तेल धुवायच्या खात्यात. ते धुवायचं गोडसर वासाचं औषध अंगात मुरतं, रात्री श्वासातून बाहेर पडतं आणि शेजारी झोपलेल्याच्याही श्वासात उतरतं, असं कळल्यापासून पोरीचा हात पोटावरून हलत नव्हता.

"तुम्हा दोघांचे श्वास तर तपासूच, पण तुलनेसाठी कारखान्याशी संबंध नसलेल्या माणसाचा एक श्वास हवाय," रसिका म्हणाली.

"मग माझा घे की! फुकट आहे." अहल्याबाईंचे संपतराव त्याच खात्यात होते, पण त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली; मागे घरात त्या एकट्याच. आता कसला संबंध?

पहाटे, अंथरुणातून न उठता रसिकानं दिलेली पिशवी फुगवायची होती. आधी श्वास रोखून वीसपर्यंत मोजायचं.

अहल्याबाईंना जाग आली ती वीज गेल्यामुळे. पंखा थांबलेला. मिट्ट काळोख, आणि कुठूनसा गोडसर, घशाला लागणारा वास. त्यांनी पिशवी चाचपली, श्वास रोखला. एक... दोन...

सातला त्यांच्या लक्षात आलं, खोलीत श्वास चालूच आहे. संथ. अगदी जवळ.

आठ... नऊ... वळून बघायची छाती झाली नाही. वीस होताच सगळी हवा पिशवीत सोडली आणि उजाडेपर्यंत त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

चार दिवसांनी मोहना धावतच आली. "मावशी, माझ्या श्वासात काही म्हणता काही नाही! यांच्याही अगदी नावापुरतं!"

"हाश!" अहल्याबाईंनी तिला कवेत घेतलं. दोघी रडल्या, हसल्या. त्या भरात बाईंनी शेरभर तूप ओतून गूळ-कणकेची सुखडी थापली. पहाटेचं ते सगळं आता त्यांना स्वतःचंच खूळ वाटलं.

निकाल घेऊन आलेली रसिकाही सुखडी खायला थांबली. मोहना पाणी आणायला आत गेली, तसा तिनं आवाज खाली आणला.

"मावशी, तुमच्या पिशवीत मात्र बरंच निघालं. घाबरू नका, वेळेत कळलं. पण हे जुनं नाही... रोज रात्रीचं आहे. तुमच्या घरात जे त्या कामावर जातात ना, त्यांनाही एकदा तपासणीला पाठवा."

अहल्याबाईंनी सुखडीचा दुसरा तुकडा तिच्या ताटलीत ठेवला.

"सांगते," त्या म्हणाल्या.