कोण थांबतंय?

ताईचं दुकान म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटींचा दवाखाना. लोकांची लग्नं, वाढदिवस, शाळेतली नाटकं बुरशी खात कपाटात पडलेली असायची. ती पुसायची, सुकवायची आणि कॉम्प्युटरवर उतरवून द्यायची, एवढाच तिचा धंदा. सगळा बाजार तिला ताईच म्हणायचा. खरं म्हणजे तिला ताई म्हणायचा पहिला हक्क एकाचाच, तिच्या धाकट्या भावाचा, टिल्लूचा. तो लहानपणीच तापाने गेला. त्याचे फोटो होते, पण आवाज कुठेच राहिला नव्हता. जगाचे आवाज वाचवत बसलेल्या ताईला ही गोष्ट फार डाचायची.

त्या रविवारी बाबांच्या खोलीतला माळा आवरताना एक गाठोडं हाताला लागलं. जुन्या चादरीत गुंडाळलेलं, वर सुतळीच्या गाठींवर गाठी. आत एकच कॅसेट, आणि तिच्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘कंदीलवाट’.

"अगं बाई!" म्हणत ताई शिडीवरच बसली.

काय वेड होतं त्या कार्टून सिनेमाचं! निळ्या वेणीची मुलगी, तिच्याबरोबर कुरकुरं साळिंदर आणि हातात कंदील घेतलेला एक बुटका पोरगा. विझलेल्या डोंगराला उजेड न्यायला तिघं निघायची. टीव्हीवर तो एकदाच लागला आणि बाबांनी तो रेकॉर्ड केला. जाहिराती नकोत म्हणून रिमोट घेऊन बसले होते. जाहिरात आली की पॉज, संपली की चालू. नेमकी तिघं धुक्यातल्या पुलावर चढली, जाहिरात लागली, बाबांनी पॉज दाबला आणि आत फोन वाजला. बाबा गप्पांत रंगले. पॉजवर फार वेळ ठेवलं की मशीन आपलं आपण बंद होतं, टेप झिजू नये म्हणून. तसं ते झालं. पोरांनी घर डोक्यावर घेतलं तेव्हा कुठे बाबा धावत आले, तोवर पूल संपला होता.

म्हणजे कॅसेटमध्ये पुलावर तिघं चढायची आणि एकदम पलीकडे दोघंच उतरायची. कंदीलवाला पोरगा गायब. पुढे सिनेमाभर त्याचं कोणी नावही काढत नाही.

ते भोक टिल्लूने बुजवलं. तेवढ्या जागी टीव्हीपुढे उभा राहायचा, डाव्या टाचेने उजवी पोटरी खाजवत. पूल राखणाऱ्या म्हातारीचा घोगरा आवाज काढायचा. "कोण थांबतंय? कोणी थांबल्याशिवाय पूल सोडत नाही." मग स्वतःच्या आवाजात, "मी थांबतो. तुम्ही व्हा पुढे." त्यावर ताईने म्हणायचं, "आम्ही परत येऊ." आणि सिनेमा पुढे सुरू. परत कोणी जात नसे. सिनेमात तसं नव्हतंच मुळी.

"ती ठेव जिथली तिथे." बाबा दारात उभे होते.

"बाबा, अहो टिल्लूच्या खेळाची एवढी एकच तर आठवण..."

"तो गेल्यावर मी एकदा लावली होती."

"मग?"

बाबांनी सुटलेली सुतळी उचलली. "फेकून द्यायला हात धजेना. म्हणून बांधून ठेवली."

पण ऐकेल ती ताई कसली! तिने कॅसेट पुसून घेतली, दुकानातलं एक मशीन घरी आणलं, हॉलमधल्या टीव्हीला जोडलं आणि दुपारी लेकीला, चिमीला, मांडीवर घेऊन बसली. टिल्लू गेला तेव्हा जेवढा होता, तेवढीच आता चिमी होती.

चित्र फिकं पडलं होतं, पण ताईला काय त्याचं! साळिंदराचं प्रत्येक वाक्य ती त्याच्याआधी बोलत होती आणि चिमी खिदळत होती. पूल आला. आता चित्र उडी मारणार, हे ताईच्या अंगात मुरलेलं होतं.

उडी लागली नाही. धुकं थोडं पुढे सरकलं. पुलाची एक ओली फळी दिसली, खाली पाणी वाजलं, आणि मग उडी लागली.

'पूर्वी टेपला घडी पडली असेल, पुसल्यावर सुटली,' असं तिने मनाला समजावलं. टेप बाहेर ओढून भिंगाखाली पाहिली. घडी नव्हती, जोडही नव्हता. आणि जे रेकॉर्डच झालं नाही ते टेपवर येणार कुठून? एवढं तर धंद्याने तिला शिकवलं होतं. तिने ती कॉम्प्युटरवर उतरवून पाहिली. तिथे जुनीच उडी होती, लहानपणापासूनची.

दुसऱ्यांदा लावली तेव्हा धुक्यातून एक हात आला. सुरकुतलेला, तळवा वर. "कोण थांबतंय?"

"आई, ही म्हातारी लहान मुलासारखी का बोलते?" चिमीने विचारलं.

 घोगरा काढलेला तो आवाज ताईने झोपेतही ओळखला असता.

तिसऱ्या वेळी तिने चिमीला शेजारी खेळायला धाडलं आणि टीव्हीला कान लावून बसली. "मी थांबतो. तुम्ही व्हा पुढे." टिल्लू! तोच, 'थ' वर जरासा अडखळणारा. ताई ढसाढसा रडली. इतक्या वर्षांनी भाऊ बोलला होता, आणि दुःखापेक्षा आनंदच जास्त झाला, खोटं कशाला बोला?

तिथेच थांबायला हवं होतं. पण आवाजाची चटक वाईट. तिने पुन्हा लावली. "तुम्ही व्हा पुढे" झालं. धुकं होतं तिथेच राहिलं. बराच वेळ नुसतं पाणी वाजत होतं.

"ताई, अजून किती वेळ?"

तिने झटक्यात मशीन बंद केलं.  कॅसेट कपाटावर टाकली आणि चिमीला बजावलं, "त्याला हात लावलास तर याद राख."

दुसऱ्या दिवशी चिमी शाळेतून आली. ताई स्वयंपाकघरात दूध तापवत होती, बाबा आतल्या खोलीत पडले होते. हॉलमधून पाण्याचा आवाज आला. पुलाखालचं पाणी.

कपाटाला खुर्ची लावलेली होती. चिमी टीव्हीपुढे उभी होती, दाराकडे पाठ करून.

डाव्या टाचेने उजवी पोटरी खाजवत.

हे तिला कोणीच दाखवलं नव्हतं.

पडद्यावर कंदीलवाला पोरगा पाठमोरा उभा होता. शेजारी तो हात, तळवा वर.

"कोण थांबतंय?"

चिमीने तोंड उघडलं. "मी..."

"मी थांबते!" दारातून ताई किंचाळली. "मी थांबते! तिला सोड!"

पाणी वाजायचं बंद झालं.

कंदील हलला. पोरगा वळला आणि ताईच्या अगदी जवळून पुढे निघून गेला. कंदिलाच्या काचेची ऊब तिच्या मनगटाला लागली.

हुश्श. वेळेवर पोचले बाई. आता पोरीला पोटाशी धरायचं आणि ती कॅसेट चुलीत घालायची.

पायाखाली गार लागत होतं. ओलंही.

मघाशी दारातून तिला चिमीची पाठ दिसत होती. दोन वेण्या, सैल झालेली रिबीन.

आता चिमीचा चेहरा दिसत होता. तिच्या मागे सोफा, आणि सोफ्याच्या मागे स्वयंपाकघराचं रिकामं दार.

"आई, लवकर ये!" चिमी त्या दाराकडे वळून हसत ओरडली. "सिनेमात एक नवीन बाई आलीय. गाऊन अगदी तुझ्यासारखा आहे!"

आतून बाबांचा आवाज आला. "काय लावलंयस ते? बंद कर आधी!"

"थांब ना आजोबा. आई येईपर्यंत पॉज करते."

चिमीने रिमोट उचलला. ताईला ओरडायचं होतं. हात वर करायचा होता.

चिमीने बटण दाबलं. गॅसवर दूध उतू गेल्याचा वास सुटला होता. आतल्या खोलीत फोन वाजू लागला.

"मी घेते!" म्हणत चिमी रिमोट सोफ्यावर टाकून आत पळाली.